नव्या घरात, नव्या आवारात कुत्र्याला रुळू देताना

कुत्रा घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा पट्टा सोडावा आणि त्याला आवारात मनसोक्त हुंदडू द्यावे, अशी बहुतेकांची इच्छा असते, आणि ती प्रेमापोटीच असते. तरीही माझे ठाम मत आहे की सुरुवातीच्या दिवसांत नव्या कुत्र्याला सर्वांत जास्त धोका या मोकळेपणाचाच असतो. आपल्या लेखी ते घराचे आवार असते. कुत्र्याच्या लेखी मात्र ती अनोळखी वासांची, अनोळखी आवाजांची, कोठून काय येईल याचा अंदाज नसलेली जागा असते. अशा जागी दचकलेला कुत्रा घराच्या दाराकडे धावत नाही, कारण ते दार आपले आहे हे त्याला अजून उमगलेले नसते. तो कुंपणाकडे धावतो आणि एकदा बाहेर पडला की परत कोठे यायचे हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याचे जग आधी लहान ठेवावे आणि त्याची ओळख वाढत जाईल तसे एकेक पाऊल मोठे करावे, असे मला वाटते. पुढे जे लिहिले आहे ते सारे याच विचाराच्या आधाराने लिहिले आहे.

तयारीची सुरुवात कुत्रा येण्यापूर्वी आवारातून करावी. कुंपणाच्या कडेने एक पूर्ण फेरी मारावी, आणि ती उभ्याने न मारता अधूनमधून जमिनीवर बसून, कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवरून मारावी. उभ्याने न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या उंचीवरून दिसू लागतात: फाटकाखालची फट, जाळीचा उचकटलेला कोपरा, पाणी वाहून जाण्यासाठी भिंतीत ठेवलेले भोक, टोक वर आलेला खिळा, फुटक्या कुंडीच्या खापऱ्या. ज्या फटीतून कुत्र्याचे डोके जाते, तिच्यातून बहुधा त्याचे अंगही जाते, आणि अंग गेले नाही तर डोके अडकते, जे अधिक वाईट. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यासाठी पाच ते सहा फूट उंचीचे कुंपण साधारणपणे पुरते. मात्र कुंपणाला लागून लाकडांचा ढीग, बाकडे, मोठी कुंडी किंवा पाण्याची टाकी असेल, तर त्या उंचीला काही अर्थ उरत नाही, कारण त्यावर चढून पलीकडे उडी मारणे चपळ कुत्र्याला अवघड जात नाही. उकरण्याची सवय असलेल्या कुत्र्यासाठी कुंपणाच्या बुडाशी जाळीचा पट्टा जमिनीत पुरावा किंवा मोठे दगड ओळीने लावावेत. विहीर, पाण्याचा हौद, पोहण्याचा तलाव असेल तर तो झाकलेला किंवा स्वतंत्र कठड्याने वेगळा केलेला असावा. कुत्र्याला पोहता येते म्हणून तो सुरक्षित आहे असे समजू नये. उभ्या भिंतीच्या हौदातून बाहेर पडण्याची वाट त्याला सापडत नाही आणि तो थकून बुडतो.

फाटकाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देण्यास सांगेन. कुत्रे कुंपण ओलांडून पळतात त्याहून अधिक वेळा ते उघड्या राहिलेल्या फाटकातून जातात, असे माझे निरीक्षण आहे. कडी आपोआप बसणारी असावी, आणि घरातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि नेहमी येणाऱ्या माणसांना, कुत्रा येण्याआधीच तसे सांगून ठेवावे. शक्य असेल तर फाटकाच्या आत आणखी एक लहान फाटक किंवा जाळीचे दार करावे, म्हणजे एका वेळी दोन्ही उघडी राहण्याचा प्रसंग टळतो. जमिनीखाली तार पुरून गळपट्ट्यातून विजेचा झटका देणारी कुंपणेही मिळतात. ती मला मुळीच पटत नाहीत. एक तर ती बाहेरून आत येणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला अडवत नाहीत, आणि दुसरे म्हणजे, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहत असताना झटका बसला, तर वेदना तारेमुळे झाली की त्या माणसामुळे, हे कुत्र्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. नव्या, आधीच बिचकलेल्या जनावराला अशा प्रकारे भीती शिकवणे हे क्रूर आहे.

त्यानंतर झाडे पाहावीत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते, आणि छाटून टाकलेल्या वाळक्या फांद्याही तितक्याच घातक असतात. शोभेसाठी लावले जाणारे सायकस पामसारखे दिसते. त्याच्या बिया कुत्र्याला आवडतात आणि त्याच बियांनी यकृत निकामी होते. धोतरा, एरंड आणि डिफेनबाकिया हीसुद्धा कुत्र्याच्या आवाक्यात नसावीत. झाडांइतकाच धोका खतांचा असतो, आणि तो बागकाम करणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. एरंडीच्या पेंडीचा वास कुत्र्यांना ओढून घेतो, तिच्यात रायसिन हे तीव्र विष उरलेले असू शकते, आणि मिसळलेले खत माती उकरून खाणारे कुत्रे असतात. हाडांच्या चुऱ्याचे खत विषारी नसले तरी भरपूर खाल्ले तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. कंपोस्टच्या ढिगातील बुरशी लागलेले अन्न खाऊन कुत्र्याला थरथर आणि झटके येऊ शकतात, म्हणून कंपोस्टला झाकण असावे. गोगलगायींसाठी टाकायच्या गोळ्या तर आवारात आणूच नयेत.

उंदरांच्या विषाबद्दल मला थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. त्यातील बरीच विषे रक्त गोठण्याची क्रिया थांबवतात, पण शरीरात आधीच तयार असलेले घटक संपेपर्यंत काहीच दिसत नाही. त्यामुळे विष खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस उड्या मारत असतो, खातो-पितो, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, दम लागतो, आतल्या आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. या प्रकारच्या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार चांगला लागू पडतो, मात्र तो वेळेवर सुरू व्हावा लागतो. म्हणून कुत्र्याने असे काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, विषाचे वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्यांकडे जावे. सगळी उंदीरनाशके या एकाच प्रकारची नसतात, त्यामुळे वेष्टनावरचे नाव उपचार ठरवण्यासाठी अत्यंत महत्त्वाचे असते. मिठाचे पाणी पाजून घरच्या घरी उलटी काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. जुन्या आवारात आधीच्या रहिवाशांनी कोपऱ्यांत, छपराखाली, मोरीजवळ ठेवलेल्या गोळ्याही राहिलेल्या असतात, त्या शोधून काढाव्यात. स्वयंपाकघरातील चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले खाद्यपदार्थ उंचावर बंद करून ठेवावेत.

कुत्रा गाडीतून उतरण्यापूर्वीच त्याच्या गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असलेली पट्टी असावी. कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा क्रमांक, जो सहसा १५ अंकी असतो, नोंदणीत आपल्या नावावर आणि चालू पत्त्यावर करून घ्यावा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्रा कोठे आहे हे सांगत नाही. ती केवळ वाचकयंत्र जवळ धरल्यावर क्रमांक दाखवते, आणि त्या क्रमांकापुढे जुन्या मालकाचे नाव असेल तर तिचा उपयोग होत नाही.

आता प्रत्यक्ष आगमनाविषयी. कुत्र्याला पट्ट्यावर धरूनच गाडीतून उतरवावे आणि घरात नेण्याआधी आवारात ठरवलेल्या शी-शूच्या जागी नेऊन शांत उभे राहावे. तेथून त्याला एका खोलीत न्यावे, जेथे त्याचे अंथरूण, पाणी आणि मागे भिंत असलेला कोपरा तयार असेल. सगळे घर त्या दिवशी दाखवण्याची गरज नाही. नातेवाईक, शेजारी, मुलांचे मित्र यांनी काही दिवस थांबावे. आंघोळही थांबू शकते. कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसला तर त्याला ओढून बाहेर काढू नये. खोलीत आपण आपले वाचन किंवा काम करत बसावे आणि जवळ येण्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे, अंग आखडून स्तब्ध होणे या खुणांचा अर्थ एकच असतो: मला थोडी जागा द्या. ही विनंती ऐकली गेली तर गुरगुरण्याची वेळ येत नाही. आणि कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नये, कारण गुरगुरण्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो.

खाणे तो आधी खात होता तेच ठेवावे आणि बदलायचे असेल तर सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदलावे. पहिल्या दिवशी प्रौढ कुत्र्याने अन्नाला तोंड लावले नाही तर ते ताणामुळे असण्याचा संभव जास्त. दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, किंवा पिल्लू एक-दोन वेळाही जेवले नाही, तर पशुवैद्यांना विचारावे.

आमची कुत्री मैना आली ती पूर्ण वाढलेली आणि विलक्षण बुजरी होती. माणूस समोर असेपर्यंत ती ताटलीकडे पाहतही नसे; मी पाठ करून बसले की मागून आधी नखांचा, मग जिभेचा आवाज येई. तिला आवाराची ओळख मी लांब दोरीवर करून दिली. पाच ते दहा मीटरची हलकी दोरी यासाठी पुरेशी होते, मात्र ती गळपट्ट्याला न बांधता हार्नेसला, म्हणजे छाती आणि खांद्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, बांधावी, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी बसणारा हिसका मानेवर येता कामा नये. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतकाच सैलपणा असावा. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, तो मागे सरकत अंग आवळून हार्नेसमधून निसटतो. अशा कुत्र्यासाठी पोटामागून जाणारा आणखी एक पट्टा असलेला हार्नेस घ्यावा किंवा फाटकाबाहेर जाताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना वेगवेगळे पट्टे लावावेत.

मैना दोरीवर असताना कुंपणाच्या बुडाशी नाक लावून चालत असे आणि जांभळाच्या झाडामागच्या कोपऱ्यात आली की हटकून थांबे. पुढचा एक पंजा उचललेला, कान किंचित मागे, नाकपुड्या भराभर हलत असलेल्या. तेथे भिंतीपलीकडे शेजारचा पाण्याचा पंप होता. तो सुरू झाला की ती पोट जमिनीला टेकवून शेपूट पायांत घेई आणि दोरी ताणून विरुद्ध दिशेला सरके. तिला त्या कोपऱ्याकडे नेऊन, काही होत नाही असे दाखवण्याचा मोह मला होई, परंतु भीती अशी दाखवून जात नसते. मी तिच्यासोबत दूर जात असे, जेथून पंप ऐकू येई पण ती खाऊ शकेल इतक्या अंतरावर, आणि पंप चालू असेपर्यंत तिच्या आवडीचे बारीक तुकडे एकेक करून देत असे. पंप बंद झाला की तुकडेही बंद. हे अंतर मी कधी ठरवून कमी केले नाही. ते तिने कमी केले. पुढे पंपाचा आवाज आला की ती माझ्याकडे पाहू लागली, आणि आता कोपऱ्यातील त्याच भिंतीला टेकून ती दुपारी झोपते.

आवारातील या फेऱ्यांत कुत्र्याला हुंगू द्यावे, घाई करू नये. आपण जागा डोळ्यांनी ओळखतो, ती तो नाकाने ओळखतो, आणि तेवढ्यासाठी लागणारा वेळ त्याला मिळालाच पाहिजे. सुरुवातीला रोज त्याच वाटेने जावे, त्याच दाराने परतावे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे शी-शू झाली की लगेच, घरात येईपर्यंत न थांबता, शाबासकी द्यावी. पिल्लाला साधारणपणे जितके महिने वय तितके तास लघवी रोखता येते, असा एक ढोबळ हिशेब आहे, आणि तोही वरची मर्यादा समजावा. घरात झाले तर निमूटपणे पुसून टाकावे. नाक त्यात घासणे किंवा ओरडणे यातून कुत्रा एवढेच शिकतो की माणसासमोर शी-शू करणे धोक्याचे आहे, आणि मग तो पलंगामागे जागा शोधतो.

पिल्लाच्या बाबतीत आवाराच्या मातीचा वेगळा विचार करावा लागतो. पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू जमिनीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो, आणि मातीतून तो काढून टाकता येत नाही. ज्या आवारात आधी लस न दिलेले किंवा आजारी कुत्रे वावरले असतील, तेथे लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली सोडू नये. लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. मात्र तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळच पिल्लाला माणसे, आवाज आणि वाहने यांची सवय होण्याचा असतो, म्हणून त्या काळात त्याला घरात कोंडून न ठेवता कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवावे.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घरात किंवा आवारात घडवू नये. बाहेर, दोघांपैकी कोणाचीही नसलेल्या जागी, दोन माणसांनी दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे आणि दोघांची अंगे सैल दिसू लागली की अंतर कमी करावे. मग सोबतच आत यावे. ताटल्या, हाडे, खेळणी काही काळ उचलून ठेवावीत. मुलांसाठी नियम थोडे असावेत पण ते मोडू देऊ नयेत: झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचे नाही, त्याला मिठी मारायची नाही, आणि तो आपणहून आला तरच छातीजवळ किंवा खांद्यावर हलक्या हाताने कुरवाळायचे. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र ठेवू नये, मग कुत्रा कितीही गरीब वाटो.

उन्हाबद्दल लोक जितके निर्धास्त असतात तितके त्यांनी असू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होऊ लागते. आवारात दिवसभर कोठे ना कोठे सावली हवी, सकाळची सावली दुपारी सरकून जाते हे लक्षात ठेवून. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, म्हणजे एक उलटले तरी दुसरे राहते. फरशीवर हाताचा मागचा भाग काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. कुत्रा अडखळू लागला, लाळ दाट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, तर त्याच्या अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत त्वरित दवाखाना गाठावा. गवत कापलेले ठेवावे आणि रोज कान, बोटांच्या बेचक्या, काखा चाचपून गोचिडी पाहाव्यात. उंदरांचा वावर असलेले साचलेले पाणी लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरवते, म्हणून तेही उपसून टाकावे. आणि साखळीने बांधून ठेवणे हा कुंपणाला पर्याय नाही: बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर दूर जाता येत नाही, आणि दूर जाता न येणारा कुत्रा अंगावर येतो.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे रुळण्याचे टप्पे अनेकजण सांगतात. धीर धरण्यासाठी ते उपयोगी आहेत, परंतु दोरी सोडण्याचा दिवस कॅलेंडर पाहून ठरवू नये. मी तीन गोष्टी पाहते. आवारात असताना कुत्रा आपल्या हातून खातो का. भ्यालेला कुत्रा खात नाही. हुंगण्यात गुंग असताना हाक मारली तर तो मान वर करून येतो का. आणि सर्वांत महत्त्वाचे, अचानक मोठा आवाज झाला तर तो कुंपणाकडे धावतो की घराच्या दाराकडे किंवा आपल्याकडे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा समाधानकारक मिळाले की दोरी हातातून सोडून जमिनीवर ओढत राहू द्यावी, आणि त्यानंतरच काढावी. फटाके किंवा गडगडाटी वादळ अपेक्षित असेल त्या दिवशी मात्र जुन्या, पूर्ण रुळलेल्या कुत्र्यालाही आवारात एकटे ठेवू नये आणि बाहेर नेताना पट्टा लावावा.

एवढे करूनही कुत्रा निसटलाच तर त्याच्या मागे धावू नये, कारण पाठलाग होत आहे असे वाटून तो आणखी लांब जातो. तो नजरेच्या टप्प्यात असेल तर त्याच्याकडे बाजू करून खाली बसावे, टक लावून पाहू नये, काहीतरी खात असल्यासारखे जमिनीवर तुकडे टाकावेत आणि तो अगदी जवळ आला तरी गळपट्ट्यावर झडप घालू नये. दिसेनासा झाला असेल तर घरच्या एका माणसाने आवारातच थांबावे, फाटक उघडे ठेवावे आणि त्याचे अंथरूण व आपले वापरलेले कपडे फाटकाजवळ ठेवावेत; बाकीच्यांनी छायाचित्र घेऊन जवळचे दवाखाने आणि प्राणी-निवारे यांना कळवावे आणि पहाटे व रात्री उशिरा, रस्ते शांत असताना, शोध घ्यावा. त्याला पाहणाऱ्यांना हाका मारू नका, पकडू नका, फक्त जागा कळवा, असे आवर्जून सांगावे. तो परत आला की लगेच रागावू नये. पाणी द्यावे, अंगावर जखम आहे का ते पाहावे, आणि तो कोठून गेला ती जागा शोधून त्याच दिवशी बंद करावी.